पावसाळी फिल्टर

बीड जिल्ह्यात राहून पावसात चालणारा एअर फिल्टर शोधणारा मोटारसायकलवाला मुळात आशावादी असला पाहिजे. वर्षाची पावसाची सरासरी 700 मिलिमीटरच्या आत, तीही कागदावर. 2016 साली मांजरा धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं; ते धरण आमच्याच केज तालुक्यातलं, धनेगावचं. असल्या मुलखात 'पावसाळ्याला चालेल असा दाखवा' म्हटलं, की स्पेअर पार्टवाला आधी आभाळाकडे बघतो, मग गिऱ्हाइकाकडे. "पाऊस कुठंय मालक?"

माल मात्र त्याच्याकडे भरपूर. सगळ्यांत देखणा कोन फिल्टर: लाल जाळी, वर चकचकीत टोपी. तो लावायचा तर कंपनीचा डबा काढून फिल्टर कार्बोरेटरच्या तोंडावर उघडाच बसवायचा. गाडी मोकळा श्वास घेते, असं पोरं सांगतात. श्वासाचं देव जाणे, आवाज मात्र मोकळा होतो, आणि पुष्कळदा खरेदी त्याचीच असते. जास्त हवा आली की कार्बोरेटरचा जेटही बदलावा लागतो, हे कुणी आपणहून सांगत नाही.

एक लिटर पेट्रोल जाळायला इंजिनाला साधारण 9000 लिटर हवा लागते. मांजरसुंब्याच्या घाटात सर आली, की उघडा फिल्टर त्या हवेबरोबर मागच्या चाकानं उडवलेला राडाही मनोभावे ओढतो. कागदी फिल्टर भिजला की फुगतो, हवा अडते, गाडी फटफट करून मान टाकते. तेल लावलेला कापडी किंवा फोमचा फिल्टर थोडं पाणी झटकतो, पण धार लागली की त्याचाही नाइलाज. आणि पाणी सिलिंडरपर्यंत पोचलंच, तर ते हवेसारखं दबत नाही. पिस्टन वर येतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग गाडी टेम्पोतून घरी येते.

मग पावसाळी फिल्टर कोणता? ज्याची कुणी जाहिरात करत नाही तो: कंपनीचाच काळा प्लॅस्टिकचा डबा. त्याचं तोंड सीटखाली आडोशाला असतं. आत आलेलं पाणी तळाशी बसतं आणि खालच्या बारक्या नळीत उतरतं. त्या नळीची टोपी काढून बघा. आमच्याकडे तिच्यातून दोन थेंब तेलकट पाणी पडतं आणि मागून चिमूटभर धूळ. बीडच्या हवामानाचा एवढा नेमका अहवाल दुसरा मिळणार नाही. हौस दांडगी असेल आणि कोन लावायचाच असेल, तर त्यावर पाणी झटकणारा कापडी मोजा तरी चढवावा.

सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, सिंदफणेला पूर आला, आणि इतकी वर्षं हसण्यावारी नेलेली आमची आशा एकदम अंगावर आली. असल्या पाण्यात फिल्टरची निवड निरर्थक असते. पुलावरून पाणी वाहताना दिसलं की गाडी वळवायची आणि हॉटेलात जाऊन चहा सांगायचा. याला जेट बदलावा लागत नाही.

तरी मोजा घेऊन ठेवायला हरकत नाही. पाऊस आला नाही तर धुळीला चालतो, आणि धूळ आमच्याकडे दरसाल वेळेवर येते.