चौदा काठ्यांचे काका

पुण्यात "जरा येरवड्याला जाऊन येतो" म्हणणाऱ्या माणसाकडे लोक निरखून पाहतात. तुरुंग तिथे, मनोरुग्णालयही तिथेच. काका रोज उजाडायच्या आत येरवड्याला जातात आणि दहा-साडेदहाला आपल्या पायांनी परत येतात, कारण गोल्फचं मैदानही तिथेच आहे. काकूंच्या मते तिन्ही ठिकाणांत फारसा फरक नाही. तिसऱ्याची वर्गणी आपण आपल्या खिशातून भरतो, एवढंच.

असे काका प्रत्येक गोल्फ कोर्सवर एक तरी असतात. सत्तरी ओलांडलेली, हँडिकॅप चोविसाच्या आसपास, बक्षिसांच्या फळ्यावर नाव नाही आणि ते यावं अशी इच्छाही नाही. ओळखायची खूण हातांवर असते. उजव्या हाताने खेळणारा माणूस मोजा फक्त डाव्या हातात घालतो. वर्षानुवर्षं असं खेळल्यावर उजवा पंजा उन्हात रापून काळा पडतो आणि डावा मनगटापर्यंत गोरापान राहतो. काकांनी लग्नात हात जोडले की समोरचा माणूस आधी त्या हातांकडे पाहतो, मग चेहऱ्याकडे. एकदा मुलीकडच्या एका आजीबाईंनी काकूंना कोपऱ्यात नेऊन त्वचारोगतज्ज्ञाचा पत्ता दिला होता. "लवकर दाखवा हो, पसरतं ते," म्हणाल्या.

नियमानुसार किटमध्ये जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात. काकांच्या किटमध्ये मोजून १४ आहेत. त्यांतले ते मारतात सहा. दोन आणि तीन नंबरची आयर्न तर देवघरातल्या टाकांसारखी आहेत: वापरायची नसतात, पण वरचेवर पुसावी लागतात आणि बाहेर काढून ठेवायचं कुणाच्या मनातही येत नाही. "ही मारायला पस्तिशीतलं मनगट लागतं," असं काका स्वतःच सांगतात. मग बाळगायची कशाला? "घरी ठेवली तर ही भंगारवाल्याला देईल." ओझं कॅडीच्या खांद्यावर असल्यामुळे हा युक्तिवाद बिनतोड ठरतो.

किटमधला मुख्य दागिना म्हणजे लाकडी ड्रायव्हर. खराखुरा लाकडी, पर्सिमनचा. हे अमेरिकेतलं झाड; आपल्याकडे ज्याच्या पानांच्या विड्या वळतात त्या टेंभुर्णीच्याच गोतातलं. काकांना हे कळल्यापासून ते कॅडीच्या विडीकडे आणि आपल्या ड्रायव्हरकडे आळीपाळीने पाहून "भाऊबंद आहेत," म्हणतात. १९७९ मध्ये धातूच्या डोक्याचे 'वुड' बाजारात आले आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत लाकडाची सद्दी संपली. काका ते मान्य करत नाहीत. १९९३ ची मास्टर्स स्पर्धा बर्नहार्ड लँगरने लाकडी ड्रायव्हरने जिंकली, हा त्यांचा शेवटचा पुरावा. त्यानंतर कुणी जिंकली का, असं विचारलं की ते चष्मा पुसायला घेतात.

लाकूड पावसात फुगतं. म्हणून मे महिन्याच्या शेवटी काका गॅलरीत वर्तमानपत्र पसरून बसतात. जवसाच्या तेलात फडकं बुडवून ड्रायव्हरचं डोकं चोळायचं, मानेपाशी गुंडाळलेला काळा दोरा सैल झाला असेल तर सोडवायचा, एक टोक दातांत धरून वेढ्याला वेढा भिडवत पुन्हा आवळायचा, वर नेलपॉलिशचा एक हात. नेलपॉलिश काकूंचं. "माझ्या गुडघ्यांना कधी तेल लावलंत का?" असं त्या आतून विचारतात. या प्रश्नाला दरवर्षी उत्तर मिळत नाही.

एवढ्यावरून काकांना जुन्या वळणाचे समजू नये. अभिमान ड्रायव्हरपुरता. बाकीच्या किटमध्ये त्यांनी म्हातारपणाशी गुपचूप तह केलेला आहे. लांबची आयर्न मारवेनाशी झाली तेव्हा हायब्रीड आले, मग सात नंबरचा वुड आला, परवा नऊ नंबरचाही आला. क्लबच्या दांड्यांवर त्यांचा ताठपणा सांगणारी अक्षरं असतात: एक्स सगळ्यात ताठ, मग एस, आर, म्हाताऱ्यांसाठी ए आणि शेवटी एल. एल म्हणजे लेडीज. काकांच्या सात नंबरच्या वुडच्या दांडीवर एका जागी रंग खरवडलेला दिसतो. त्याखाली कोणतं अक्षर होतं हे काकांबरोबर खेळणाऱ्या चौकडीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पण प्रत्येकाच्या किटमध्ये असा एखादा खरवडलेला क्लब असल्यामुळे तो विषय निघत नाही.

पटरच्या मुठीच्या टोकाला रबराची वाटी बसवलेली आहे. ती होलमधल्या चेंडूवर दाबली की चेंडू चिकटून वर येतो, वाकावं लागत नाही. माझ्या मते गोल्फच्या इतिहासातला म्हाताऱ्यांच्या उपयोगाचा सर्वांत मोठा शोध हाच, आणि त्याची जाहिरात मात्र कुणी करत नाही. जाहिराती सगळ्या वीस यार्ड जास्त मिळवून देणाऱ्या वस्तूंच्या. काकांना वीस यार्ड नको आहेत, त्यांना वीस इंच हवे आहेत: कमरेपासून खाली.

२०१९ मध्ये नियम बदलले तेव्हा काकांनी नव्या नियमांची पुस्तिका अधोरेखित करत वाचली आणि संतापले. हरवलेला चेंडू शोधायला पूर्वी पाच मिनिटं मिळत, ती तीन झाली. "तीन मिनिटं मला लांबचा चष्मा शोधायलाच लागतात!" पूर्वी ड्रॉप घेताना हात खांद्याच्या रेषेत धरून चेंडू सोडायचा, आता गुडघ्याच्या उंचीवरून. "म्हणजे गुडघ्यापर्यंत खाली जायचं. आणि मग वर कोण आणणार?" तरीही काका नियम पाळतात. मध्यंतरी पटिंग करताना हात थरथरायला लागले म्हणून त्यांनी छातीला टेकवायचा लांब पटर घेतला होता. २०१६ पासून तसा टेकवून मारायला बंदी आली, तर त्याच आठवड्यात त्यांनी तो माळ्यावर टाकला. त्यांच्या चौकडीकडे जगातला कोणताही पंच ढुंकून पाहणार नाही, पण तत्त्व म्हणजे तत्त्व. पहिल्या टीवरचा फटका बिघडला तर दुसरा घ्यायचा आणि होलपासून हातभर अंतरावरचा चेंडू "दिला" म्हणून उचलायचा, हे मात्र तत्त्वात बसतं. तो मैत्रीचा भाग आहे.

चेंडूंची त्यांच्याकडे उतरंड आहे. नवा चेंडू सरळसोट, रुंद फेअरवेच्या होलवर. तळं आडवं आलं की खिशातून एक पिवळट, चरे पडलेला, कुठल्याशा कंपनीचं नाव अर्धवट पुसलेला चेंडू निघतो. तो बहुधा त्याच तळ्यातून निघून विकत मिळालेला असतो, त्यामुळे तो परत गेला तरी माहेरी गेला असं समजून काका पुढे निघतात. लोहगावच्या हवाई दलाच्या तळावरून एखादं सुखोई गर्जत उठलं आणि नेमका त्याच वेळी पट चुकला, तर चुकीचा हिशेब देशाच्या संरक्षणखात्यात जमा होतो. कावळ्याने चेंडू उचलून नेला तर दंड न लागता तो होता त्या जागी पुन्हा ठेवता येतो. काकांच्या कोर्सवर कावळे फार.

कॅडीशी त्यांचं नातं सांगण्यासारखं आहे. मुलाने अमेरिकेहून अंतर मोजायची लेझर दुर्बीण पाठवली, ती मोज्यांच्या डब्यात पडून आहे.

"किती घेऊ रे?"

"सात घ्या, साहेब."

"सात? आठात जाईल की."

"जाईल ना, साहेब."

आठ नंबर मारला जातो, चेंडू ग्रीनच्या अलीकडच्या बंकरमध्ये बसतो.

"वारं पडलं, साहेब," कॅडी म्हणतो आणि किटमधून सँड वेज काढून ठेवतो. तो त्याने आधीच अर्धा वर ओढून ठेवलेला असतो. अशी सोबत कोणती दुर्बीण देणार?

काका खेळ शिकले ते नोकरीत छावणीच्या एका कोरड्या गावी बदली झाली तेव्हा. तिथे ग्रीन नव्हत्याच, ब्राउन होत्या: तेल कालवून दाबलेल्या वाळूच्या. पट मारायच्या आधी माणूस पुढे होऊन वाळू सारखी करून द्यायचा. त्यामुळे खरं गवत पायाखाली आलं की काका अजूनही हरखतात. दवाने भिजलेल्या ग्रीनवर पट मारला की चेंडूमागे पाण्याची एक रेघ उमटत जाते. चेंडू कुठे वळला ते मारून झाल्यावरही वाचता येतं. ती रेघ वाचत ते इतका वेळ उभे राहतात की मागची चौकडी खाकरायला लागते. स्कोअर त्यांना क्लबहाउसमध्ये चहा येईपर्यंत आठवतो. एखादा फटका मधोमध बसला असेल तर तो मात्र दिवाळीपर्यंत ऐकावा लागतो, आणि दर खेपेला त्याची लांबी दहा यार्डांनी वाढते.

गेल्या डिसेंबरात मुलगा स्वतः आला आणि सोबत नवाकोरा ड्रायव्हर घेऊन आला. डोकं टायटॅनियमचं, नियमात बसणारं सर्वांत मोठं, ४६० सीसी.

"अरे, माझी बुलेट साडेतीनशेची होती," काका म्हणाले.

दोन दिवस त्यांनी हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी, चौकडीतले बाकीचे बुटांच्या नाड्या बांधताहेत असं पाहून, त्यांनी तो कॅडीकडून हळूच मागून घेतला. टीवर नवा चेंडू ठेवला. फटका टाळीच्या आवाजात बसला, चेंडू उंच गेला, फेअरवे ओलांडून, झाडं ओलांडून, कुंपणापलीकडे दिसेनासा झाला.

"गेला, साहेब," कॅडी म्हणाला.

काका कपाळावर हात धरून त्या दिशेला पाहत होते. चेहरा उजळलेला. "अरे," ते म्हणाले, "इतक्या लांब चेंडू मी आयुष्यात हरवला नव्हता! आण, दुसरा आण. नवा आण."