अंड्यातलं शेकरू

चित्र बघायला आलेल्या माणसानं ते आधी हुंगावं, हे भाग्य फार थोड्या चित्रकारांच्या वाट्याला येतं. माझ्या आलं. रविवारच्या मंडळात मी शेकरूचं चित्र ईझलवर ठेवलं आणि 'अंड्याच्या रंगात केलंय' एवढं बोलून गेलो. त्यासरशी जलरंगवाले सर खुर्चीतून उठले, चष्मा कपाळावर चढवला, शेकरूच्या पोटाशी नाक नेऊन दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाले, "वास नाही येत." हा चित्रावरचा पहिला अभिप्राय. ज्यावर कुणाचंही दुमत झालं नाही असा शेवटचाही तोच.

आमचं मंडळ पुण्यातल्या एका जुन्या बंगल्याच्या व्हरांड्यात भरतं. दर रविवारी एकानं चित्र आणायचं आणि बाकीच्यांनी त्यावर स्पष्ट बोलायचं, असा नियम आहे. पुण्यात स्पष्ट बोलण्यासाठी वेगळा नियम का करावा लागला, हे मला अजून उमगलेलं नाही. सर पाण्यात न विरघळणाऱ्या कशालाही रंग मानत नाहीत. तैलरंगवाले काका म्हशी रंगवतात. त्यांच्या म्हशींना चांगली मागणी आहे आणि हे ते कुणाला विसरू देत नाहीत. पोर्ट्रेटवाल्या ताईंना माणसाच्या हातांचं वेड आहे. मांडणीशिल्पं करणारा एक मुलगा आहे, त्याला चित्र ही गोष्टच मान्य नाही, तरी दर रविवारी तोच सगळ्यांत आधी हजर असतो. शिवाय एक जंगलवाले आहेत. ते चित्रकार नाहीत. गळ्यात दुर्बीण अडकवून चहाला येतात आणि चहा चांगला असल्यामुळे थांबतात.

अंड्याच्या रंगाची रीत तशी सोपी आहे, घरात सांगायला तेवढी अवघड. अंडं फोडायचं, पांढरं निथळू द्यायचं, बलक या तळहातावरून त्या तळहातावर घोळवत कोरडा करायचा. मग तो अलगद चिमटीत उचलून, खाली वाटी धरून सुईनं टोचायचा. आतलं वाटीत उतरतं, पातळ पिशवी बोटांत राहते. वाटीत थोडं पाणी घालायचं. मग गेरू, पिवडी, काजळी, जो हवा तो रंग पाण्यात घोटून त्यात साधारण तेवढंच हे मिश्रण कालवायचं आणि बारीक ब्रशनं लावायचं. लावलं की वाळतं. शिंक आली तर शिंकून होईतो वाळतं. युरोपात तेलाचे रंग रुळेपर्यंत फळ्यांवरची बहुतेक चित्रं अशीच झाली.

उरतं पांढरं. आमच्या तळमजल्यावर जिमला जाणारा एक तरुण राहतो. तो पांढरं खातो आणि पिवळं फेकतो. मी पिवळं वापरतो आणि पांढरं फेकत होतो. आता तो सकाळी वाटी घेऊन दारात उभा राहतो, "काका, झालं का रंगवून?" असं विचारतो आणि पांढरं घेऊन जातो. शेकरू जसजसं पुरं होत गेलं तसतसे त्याचे दंड भरत गेले. माझ्या कलेचा समाजावर झालेला हा एवढा एकच परिणाम मला दाखवता येईल.

सरांची पुढची शंका बलकाच्या पिवळेपणाबद्दल होती. पांढऱ्यावर झाक नाही का येणार? येत नाही. हा पिवळेपणा उजेडात लवकर उडून जातो. पण शंका जुनी आहे. १४००च्या सुमारास चेन्निनो चेन्निनी नावाच्या इटालियन चित्रकारानं कारागिरांसाठी एक हस्तपुस्तिका लिहिली. तीत त्यानं बजावून ठेवलंय की तरुण चेहऱ्यांसाठी शहरातल्या कोंबडीचं अंडं घ्यावं, त्याचा बलक फिका असतो. खेड्यातल्या कोंबडीचा लालसर बलक म्हाताऱ्या, रापलेल्या माणसांसाठी ठेवावा. हे मी सांगायला नको होतं. चर्चा शेकरूवरून उठली ती खरं गावठी अंडं सध्या कुठं मिळतं यावर जाऊन बसली. काका म्हणाले, "भीमाशंकरचं शेकरू आहे ना? मग गावठीच घ्यायचं होतंस. फार्मचं वापरलंस म्हणून ते असं कोथरूडला राहिल्यासारखं दिसतंय." बंगल्याच्या काकू चहाचा ट्रे घेऊन आल्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे हे चित्र मांसाहारी धरायचं का हो? नाही, भिंत देवघरासमोरची आहे म्हणून विचारलं." माझं चित्र विकत घेण्याच्या इतक्या जवळ आजवर कुणी आलं नव्हतं. मी शाकाहाराच्या बाजूनं बरंच बोललो, पण तोवर त्यांनी भिंतीवर कालनिर्णय ठेवायचं ठरवून टाकलं होतं.

मग काका मुद्द्यावर आले. "कडा फार कडक आहेत. पाठीचा गेरू पोटाच्या पांढऱ्यात ओल्यात ओला मिसळून घे, मऊ होईल." काकांच्या रंगाला वाळायला आठवडा लागतो, त्यामुळे जगात ओलं म्हणून काहीतरी सदैव शिल्लक असतं असा त्यांचा समज आहे. इथं ओलं मिळतच नाही. गेरूकडून पांढऱ्याकडं जायचं तर मधल्या प्रत्येक छटेच्या केसाएवढ्या रेघा, एकीशेजारी एक, मग त्यांवर तिरक्या, असं जावं लागतं. प्राण्याच्या अंगावरची लव रंगवायला हे माध्यम एकदम सोयीचं, कारण रेघ आणि केस यांत फरकच उरत नाही. हे माझं बोलणं सरांनी मध्येच उचललं. "तेच म्हणतोय मी. रंगवलंस कुठं? तू जंगल विणलंयस! मागं एक वॉश मार सणसणीत." मी म्हटलं, सर, एवढं पाणी घातलं तर खालचा थर उठून येईल. सर म्हणाले, "मग उठू दे." आणि लव बघायची तर ड्यूररचा ससा बघ म्हणाले, १५०२चा, व्हिएन्नाला आहे, जलरंग! काकांनी नुसतं विचारलं की त्यात अपारदर्शक रंगही आहे ना. सर आणि काका पुढचा चहा येईपर्यंत ससाच सोलत बसले आणि शेकरूला जरा उसंत मिळाली.

एक गोष्ट एव्हाना माझ्या ध्यानात आली होती. प्रत्येकजण आपण काढलं असतं ते शेकरू बघत होता, माझं फक्त त्याच्या आड येत होतं.

"डोळे बारीक करा सगळ्यांनी," सरांनी हुकूम सोडला. चित्रकारांची ही जुनी खोड. पापण्या अर्ध्या मिटल्या की बारकावे पुसले जातात आणि उजेड-अंधाराच्या पायऱ्या तेवढ्या दिसतात. सगळा व्हरांडा भरल्या पोटी कीर्तनाला बसल्यासारखा दिसू लागला. निकाल आला, "व्हॅल्यू कमी पडल्यात." आमच्या मंडळातून व्हॅल्यू कमी पडल्याशिवाय अजून एकही चित्र घरी गेलेलं नाही. मांडणीशिल्पवाल्या मुलानं तर मोबाइलवर फोटो काढून तो काळापांढरा केला आणि सगळ्यांपुढं फिरवला. "बघा. पानांत शेकरूच नाहीसं झालं."

"बरोबर आहे," जंगलवाले पहिल्यांदाच बोलले. "रानात असंच होतं."

त्यांच्या या एका वाक्यानं मला वाटलं, माणूस आपल्या बाजूचा आहे. ताईंशी त्यांचं जुंपलं तेव्हा तर खात्रीच पटली. माझं शेकरू फांदीवर पोट टेकवून दोन्हीकडं लोंबतंय: एका बाजूला डोकं आणि पुढचे पाय, त्यांत जांभूळ, दुसऱ्या बाजूला अंगाहून लांब शेपटी. ताई म्हणाल्या, "तोल गेलाय. हे पडतंय." जंगलवाले म्हणाले, ते असंच खातं, शेपटीच्या वजनावर तोल सांभाळतं. "आणि पुढच्या पंजाला बोट एक कमी आहे." जंगलवाल्यांनी दुर्बीण उलटी धरून पंजा तपासला. "पुढं चारच असतात. अंगठ्याचा नुसता कोंब. मागच्या पायाला पाच."

"असतील चार," ताई म्हणाल्या, "पण बघणाऱ्याला पाच वाटायला हवीत."

"मग माणूस काढायचा."

इतका सुरेख संवाद आमच्या मंडळात मी ऐकला नव्हता. पण जंगलवाले तिथं थांबले नाहीत. जांभूळ पिकलंय म्हणजे जून लागला, मग भीमाशंकरला फांदी इतकी कोरडी कशी, शेवाळ कुठाय? नंतर त्यांची नजर माझ्या थैलीकडं वळली. "ब्रश कशाचा?" व्हरांडा गप्प झाला. ही आमच्या धंद्यातली दुखरी जागा आहे. मुंगसाच्या केसांच्या ब्रशांचा धंदा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा ठरतो, तरी तो चोरून चालतो. लघुचित्रं काढणारे पिढ्यान्‌पिढ्या खारीच्या शेपटीचे केस वापरत आले; म्हणजे शेकरूचं चित्र त्याच्या भावकीच्या केसांनी काढायचं. "नायलॉनचा," मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली. "आणि फळीवरचं ते पांढरं?" खडूची भुकटी आणि सरस, मी सांगितलं. कसला सरस? परंपरेनं सशाच्या कातड्याचा असतो. अजिंठ्यातले हत्ती आणि हंसही सरसातच कालवलेले आहेत, असं मी घाईघाईनं पुढं जोडलं, पण उपयोग झाला नाही.

"अगं बाई, शेकरूसाठी ससा?" काकू म्हणाल्या.

"ड्यूररनं काढला तोच," काका म्हणाले.

फोकल पॉइंट कुठं आहे, हा प्रश्न सरांनी सगळ्यात शेवटी राखून ठेवला होता. अशा वेळी मी लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या पिसानेल्लोच्या चित्राचा आसरा घेतो. १४४०च्या आसपासचं, अंड्याच्याच रंगातलं. संत युस्तेस शिकारीला निघालाय आणि भोवती काळोखात हरणं, ससा, अस्वल, कुत्रे, बगळे, हंस, जिथं जागा मिळाली तिथं. रचना कसली, वनखात्याची प्राणिगणनाच. पण त्याच्या हरणाच्या शिंगांमध्ये क्रूसावरचा येशू उभा आहे, त्यामुळे फोकल पॉइंट कुठं हे त्याला कुणी विचारलं नसावं. माझ्या शेकरूच्या डोक्यावर काहीच नाही.

तिकडच्या टीकाकारांना निदान वेळेची कदर होती. चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वासारीनं एक हकिगत लिहून ठेवलीय. चित्रकार उच्चेल्लोनं फ्लॉरेन्सच्या बाजारातल्या देवळाच्या दारावर चित्र काढताना भोवती फळ्या ठोकून घेतल्या होत्या. काम झाल्यावर तो त्या काढत असताना शिल्पकार दोनातेल्लो भाजीबाजारातून फळं घेऊन चालला होता. उच्चेल्लोनं मत विचारलं. दोनातेल्लो म्हणाला, झाकायची वेळ आली तेव्हा तू उघडतोयस. संपलं. फळं घेऊन माणूस घरी. दोन तास नाहीत, चहा नाही, काळापांढरा फोटो नाही. याच उच्चेल्लोनं एका घराच्या छतावर सरडा काढायचा तो, कधी पाहिलेला नसल्यामुळे, उंट काढून ठेवला असंही वासारी सांगतो. आमचे जंगलवाले तिथं असते तर त्यांनी आधी उंटाच्या पायाची बोटं मोजली असती.

निघता निघता मांडणीशिल्पवाला मुलगा मला म्हणाला, "शेकरू काढून टाका." सगळे हसले. तो हसला नाही. "फांदी ठेवा. फांदीवरचा भार ठेवा. शेकरू नको."

याला उत्तर देणं अवघड आहे, कारण त्याच्या मागं अँड्र्यू वायथ उभा आहे. अंड्याच्या रंगात विसाव्या शतकात त्याच्याएवढं कुणी गाजलं नाही. त्याच्या १९५९च्या एका चित्राचं नाव 'ग्राउंडहॉग डे'. ग्राउंडहॉग खारीच्याच कुळातला, म्हणजे शेकरूचा लांबचा चुलतभाऊ. चित्रात तो कुठंच नाही. एक टेबल, बशी, सुरी, खिडकी आणि खिडकीबाहेर लाकडाचे ओंडके. आधी वायथनं खिडकीपाशी एक कुत्रा योजला होता, तोही शेवटी गाळला. जगातलं बहुधा सगळ्यात नावाजलेलं असं हे प्राणिविरहित प्राणिचित्र आहे आणि ते त्या मुलाला माहीत होतं. माझी अडचण तात्त्विक नाही. वाळलेला बलक महिनोन्‌महिने घट्ट होत जातो. आता शेकरू काढायचं म्हणजे ब्लेड घेऊन त्याला केसागणिक खरवडत बसावं लागेल, आणि तळमजल्यावरच्या तरुणाला त्यातून काहीच मिळणार नाही.

पुढचा रविवार काकांचा आहे. तळ्यात बसलेल्या म्हशी आहेत म्हणे, चार बाय सहा फुटांवर. चित्र मी अजून पाहिलेलं नाही. पण डोळे बारीक करायचा सराव सुरू केलाय, आणि व्हॅल्यू बऱ्याच कमी पडल्यात.