सेल्फची खातेनिहाय चौकशी

कुंडलिकेच्या अलीकडल्या जुन्या जालन्यात काय किंवा पलीकडल्या नव्या जालन्यात काय, महसूल खात्यातून निवृत्त झालेला आणि दारात एक जुनी अॅम्बॅसिडर बाळगून असलेला गृहस्थ एके काळी हमखास आढळे. तो अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला असला तरी गल्ली त्याला नायबसाहेबच म्हणे, आणि तोही ही पदोन्नती विनातक्रार स्वीकारी. ज्या गाडीत बसून कलेक्टर दौऱ्यावर निघत आणि जिच्यामागून आपण जीपच्या फळीवर दप्तर मांडीवर घेऊन धूळ खात गेलो, ती गाडी सरकारने निर्लेखित करून लिलावात काढताच बोली लावून घरी आणण्यात त्याला जे समाधान लाभले, ते पेन्शनीच्या हुकमानेही लाभले नव्हते. १ मे १९८१ रोजी औरंगाबादेतून फुटून जालना जिल्हा झाला, त्या दिवशी पहिले कलेक्टर याच गाडीतून उतरले, असे तो सांगे; पुरावा मागण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती.

अशाच एका नायबसाहेबांची गाडी एके सकाळी किल्ली फिरवताच नुसते 'कट्' म्हणून गप्प झाली. मिस्त्रीने बॉनेटमध्ये डोके घालण्याचीही तसदी न घेता निकाल दिला, "साब, सेल्फ गया. नया डालना पडेंगा."

"जबाब न घेता बडतर्फी?" नायबसाहेब म्हणाले, आणि चष्मा पुसू लागले.

त्यानंतर जे घडले ते पाहून हसू आवरणे कठीण होते. प्रथम बॅटरीची साक्ष झाली. मोठे दिवे लावून किल्ली फिरवायची. दिवे मंदावले तर वीज पोचते पण कोणीतरी ती गिळते आहे, आणि दिवे तसेच लखलखीत राहिले तर ती वाटेतच अडते आहे, हा त्यांचा न्याय. मग टर्मिनलवर साचलेली पांढरट-हिरवी बुरशी गरम पाण्याने धुतली गेली, इंजिनापासून चॅसीपर्यंत जाणारी अर्थिंगची पट्टी खरवडून पुन्हा आवळली गेली, सोलेनॉइडच्या दोन्ही टोकांना पेचकस लावून त्याचीही उलटतपासणी झाली, आणि प्रत्येक टप्प्यावर एका जुन्या वहीत 'निर्दोष' असा शेरा पडत गेला. मिस्त्री तोवर दोन चहा प्यायला. पण मला प्रामाणिकपणे असे वाटते की या हास्यास्पद गृहस्थाचे म्हणणे सोळा आणे खरे होते. कारण आपल्याकडे जितके स्टार्टर बदलले जातात त्यांतील कित्येक बिचारे गंजलेल्या टर्मिनलच्या अपराधासाठी फासावर जातात, आणि नवा बसवल्यावरही गाडी 'कट्' म्हणते तेव्हा मिस्त्री आकाशाकडे पाहतो.

शेवटी आरोपीलाच हातोडीच्या दांड्याने दोन हलके ठोसे देण्यात आले. किल्ली फिरताच सेल्फ घरघरला, गाडी सुरू झाली, आणि बंद करून पुन्हा किल्ली फिरवताच पहिले पाढे पंचावन्न. ठोसा दिल्यावरच काम करणारा म्हणजे कार्बन झिजलेला, हे नायबसाहेबांनी लगेच ताडले. अशा माणसांशी त्यांचा नोकरीभर संबंध आला होता.

पुढील चार दिवस गाडी हँडलवर चालली. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर बसेपर्यंत बहुतेक मोटारी अशाच जागवाव्या लागत आणि हँडल उलटून मनगटे मोडत, हा इतिहास ते जमलेल्या पोरांना ऐकवीत. स्वतः मात्र अंगठा हँडलभोवती न गुंडाळता बोटांच्याच बाजूला ठेवीत आणि खालून वर असा एकच झटका देत. सत्तरीच्या माणसाच्या हातातली ती सफाई पाहून टिंगल करायला आलेला मीही गप्प झालो.

रविवारी औरंगाबादेत जाफरगेटच्या बाजारातून लुकासचा शिक्का असलेला एक वापरलेला पण धडधाकट स्टार्टर आला. तो लगेच बसवतील तर ते नायबसाहेब कसले! जुन्या आणि नव्या बेंडिक्सच्या दात्यांवर खडूची खूण करून दोन्हींची मोजणी झाली. दाते जुळले नाहीत तर फ्लायव्हीलची कडी सोलून निघते. मग बॅटरीची अर्थची केबल आधी सोडवा, असा हुकूम सुटला, कारण पाना भलतीकडे टेकला तर ठिणगी कोणाचा हुद्दा पाहत नाही. जुना स्टार्टर खाली उतरला, उघडला गेला, आणि कार्बनचे नुसते खुंट, जळून काळा पडलेला कॉम्युटेटर आणि झिजल्या बुशमुळे घासलेले आर्मेचर पंचांसमक्ष दिसले. "आता बडतर्फ," नायबसाहेब म्हणाले.

नव्याने पहिल्याच किल्लीला इंजिन उठवले. कार्यभार हस्तांतरणाची नोंद झाली, मिस्त्रीची अंगठ्यासकट सही झाली.

मिस्त्रीचा डोळा जुन्यातल्या तांब्यावर होता. बाकी लोखंड एमआयडीसीच्या भट्टीत जाऊन सळई होणार, हे जालन्यात पोरही जाणते. "साब, ये ले जाऊँ?"

नायबसाहेबांनी स्टार्टर फडक्यात बांधला, त्यावर चिठ्ठी लावली आणि म्हणाले, "हा 'ब' वर्गातला अभिलेख. तीस वर्षे जतन."

"और उसके बाद?"

"त्या वेळच्या अधिकाऱ्याकडे अर्ज कर."