ही काय थंडी?

आमच्या बुलेटवाल्यांच्या ग्रुपमधल्या कॅप्टनना थंडी वाजत नाही. कॅप्टन म्हणजे सैन्यातले नव्हेत. ते बँकेत कर्जखात्यात बसतात आणि समोर थकबाकीदार असो की तापमान, कुणाचीच रडकथा ऐकून घेत नाहीत. जानेवारीतल्या रविवारी, पहाटे साडेपाचला आम्ही नाशिक फाट्यावर हात काखेत घालून उभे असतो, फोनवर १० अंश दिसत असतात, आणि कॅप्टन हेल्मेटची काच वर करून विचारतात, "ही काय थंडी?"

पुढचं आम्हाला पाठ आहे. खारदुंगला!

२०१४ साली ते बुलेटवरून लडाखला गेले होते. तिथून ते अजून पूर्ण परत आलेले नाहीत, असं वहिनींचं मत आहे. त्या खिंडीत १८,३८० फूट उंचीचा फलक होता. नीट मोजली तर ती १७,५८२ फुटांच्या आसपास भरते. आमच्यातल्या एका इंजिनिअरनं हे एकदा बोलून दाखवलं. कॅप्टन म्हणाले, "मी फलकाखाली उभा होतो. तू होतास का?" तेव्हापासून त्या आठशे फुटांचा विषय निघत नाही आणि इंजिनिअरची गाडी कायम शेवटी असते.

निघण्याआधी सूचना. सरळ रांगेत नाही, एक डावीकडून, एक उजवीकडून. पुढच्याशी दोन सेकंदांचं अंतर. मूठ वर केली की थांबायचं, पाय खाली केला की त्या बाजूला खड्डा. चाकणपर्यंत कॅप्टनचा पाय इतक्यांदा खाली येतो, की मागच्याला वाटावं साहेब गाडी ढकलत नेताहेत.

जायचं असतं नारायणगावला, मिसळ खायला. पावलोपावली मिसळ मिळणाऱ्या शहरातून उठून ७५ किलोमीटरवर मिसळ खायला का जायचं, हे घरी पटवण्याचा नाद मी सोडला आहे.

या रस्त्यावरची थंडी नदीगणिक वाढते. गार हवा जड. रात्रभर उतरत जाऊन ती नदीच्या खोलगटात साचते. मोशीला इंद्रायणी ओलांडताना ती गुडघ्यांना भेटते. राजगुरुनगरला भीमा आली की बोटं परकी होतात. क्लच दाबला गेला की नाही, ते इंजिनाच्या आवाजावरून ओळखायचं. मंचरच्या पुढं घोड नदीवर डोळ्यांतलं पाणी गालावर न उतरता थेट कानाकडं जातं. १० अंशांची हवा ८०च्या वेगात अंगाला चार-पाचचीच लागते, हे मी वाचलं होतं. माझ्या गुडघ्यांनी वाचलं नव्हतं.

मागच्या खेपेला घोड नदीच्या अलीकडं एक दूधवाला आला. जुनी गाडी, दोन्हीकडं कॅन, कानाला मफलर, हात उघडे. आमचा अख्खा ताफा मागं टाकून तो निघून गेला. कॅप्टननी मूठ वर केली. सगळे थांबलो. "ओव्हरटेक असा करायचा नसतो," एवढं सांगून त्यांनी पुन्हा गाडी काढली.

हॉटेलात कॅप्टन बसले ते हेल्मेटसकट. हनुवटीखालचा खटका त्यांच्या बोटांना सापडत नव्हता. पण भाषण आत चालूच होतं. काच वाफेनं पांढरी झालेली, त्यातून "ऑक्सिजन" एवढाच शब्द बाहेर आला. शेवटी अर्ध्या बाह्यांच्या शर्टातल्या वेटरनं पाण्याचा जग खाली ठेवून तो खटका दाबला.

"काका, लई गारठला व्हय?"

"ग्लोव्हज नवीन आहेत," कॅप्टन म्हणाले.

जॅकेटची चेन उघडली तेव्हा छातीवर कालचा पेपर निघाला, पुरवणीसकट. त्याच्या आत वहिनींची शाल. कुणी काही बोललं नाही, कारण प्रत्येकाच्या जॅकेटात कुठलं ना कुठलं वर्तमानपत्र होतंच. मी स्वतः अर्थविषयक पानं घातली होती.

मग लालभडक रश्श्याची मिसळ आली, वर फरसाण, बाजूला कांदा आणि लिंबू. दुसऱ्या घासाला सगळ्यांची नाकं वाहू लागली. ती मघापासूनच वाहत होती, पण आता तिखटाचं नाव सांगता येत होतं. माझ्या मते इतक्या लांब यायचं खरं कारण हेच.

मिसळीनंतर चहा. कॅप्टननी दोन्ही तळव्यांत पेला धरला आणि खारदुंगला पुन्हा चढायला घेतला. ते चहा पीत नव्हते, नुसता धरून होते. मी घड्याळ पाहिलं. "हा संपला की निघू," ते म्हणाले. पेला निवला तसा त्यांनी तो हळूच माझ्यापुढं सरकवला आणि वेटरला बोट दाखवून आणखी एक मागवला.

त्या सकाळी मी त्यांचे चार गार चहा प्यालो.