मूळपुरुष

आमच्या सोसायटीत काकांना सगळे ‘मूळपुरुष’ म्हणतात. वंशावळीशी याचा काही संबंध नाही. कुठल्याही पुस्तकावर सिनेमा निघाला की काका पहिल्या आठवड्यातच बघून येतात आणि जिन्यातच सुरू होतात, ‘‘मुळात काय आहे...’’ ‘शाळा’ आला, ‘दुनियादारी’ आला, काका दरवेळी मुळावर आले. पण ते सगळं किरकोळ होतं. खरा घाव बसला २०१७च्या ऑक्टोबरात, दिवाळीचा फराळ संपता संपता. ‘फास्टर फेणे’ पडद्यावर आला.

भा. रा. भागवतांच्या पुस्तकांतला बनेश ऊर्फ फास्टर फेणे हा काकांचा वर्गमित्रच. विद्याभवनात शिकणारा, फुरसुंगीचा, किडकिडीत, सायकलवरून सुसाट सुटणारा आणि जिभेने ‘ट्टॉक’ करणारा बन्या. काकांकडे त्याची वीस पुस्तकं आहेत. म्हणजे एकोणीस. त्यावर नंतर येतो.

सिनेमाला मला बरोबर नेलं, साक्षीदार म्हणून. मल्टिप्लेक्सच्या दारात सुरक्षारक्षकाने काकांची पिशवी उघडली. त्याला चकली-चिवड्याची शंका होती. आत निघालं खाकी कव्हर घातलेलं पुस्तक.

‘‘काका, हे काय?’’

‘‘पुरावा,’’ काका म्हणाले.

पडद्यावर अमेय वाघ आला आणि काकांनी माझं मनगट धरलं. ‘‘केवढा वाढलाय हा!’’ स्वतःचा मुलगा गपचूप सिगारेट ओढताना दिसावा, असा आवाज. सिनेमातला बन्या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी पुण्यात येतो, तिथे त्याच्या मित्राचा खून होतो आणि तो तपासाला लागतो. काकांचा मुद्दा साधा होता. ‘‘हा कॉलेजात जाईलच कसा? चाळीस वर्षं आमच्याकडे शाळेतच आहे.’’ एरवी चाळीस वर्षं शाळेतच असलेल्या मुलाबद्दल लोक काळजी करतात.

मग दिलीप प्रभावळकर खुद्द भागवत म्हणून आले. काका क्षणभर विरघळले. प्रभावळकरांपुढे कोण विरघळत नाही! पण बन्या त्यांच्याच घरी राहतोय हे लक्षात येताच सावरून बसले. ‘‘ज्यांनी जन्माला घातलं त्यांच्याच घरी पाहुणा?’’ पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागे वळून बघितलं. काकांनी मोबाइलच्या उजेडात पुस्तक उघडलं. बाईंनी पुन्हा बघितलं. मी हळूच एक खुर्ची सोडून बसलो.

मध्यंतरात विषय ‘ट्टॉक’चा निघाला. समोशांच्या काउंटरसमोर उभं राहून काकांनी मला फरक समजावला. ‘‘त्याचा नुसता ‘टॉक’ येतोय. एकच ट! भागवतांनी दोन ट दिलेत, जोडून. जीभ टाळूला आधी चिकटली पाहिजे, मग सुटली पाहिजे. हे बघ.’’ आणि त्यांनी केलं. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, ‘‘आलो काका, दोन मिनिटं.’’ काकांनी दुसऱ्यांदा करून दाखवलं तेव्हा त्याने न मागता चटणी दिली.

मला विचाराल तर सिनेमा बरा होता. अप्पा झालेल्या गिरीश कुलकर्णींनी तर घाबरवलंच. पण हे मी त्या दिवशी बोललो नाही, कारण मला परत काकांच्याच स्कूटरवरून यायचं होतं. आणि काकांना काहीच पसंत पडत नाही, हे आम्हाला जुनंच आहे. लहानपणी दूरदर्शनवर सुमीत राघवनचा फास्टर फेणे लागायचा. सगळी बिल्डिंग टीव्हीपुढे. काका तेव्हा तिशीच्या आत होते, तरी मागे उभे राहून म्हणायचे, ‘‘केस नीट विंचरलेत याचे.’’ पुस्तकांतल्या राम वाईरकरांच्या चित्रांमधला बन्या त्यांच्या डोळ्यांत असा रुतलाय की हाडामांसाच्या कुठल्याही माणसाला तिथे जागाच उरलेली नाही.

योगायोग बघा, त्याच ऑक्टोबरात फुरसुंगी पुणे महापालिकेत आली. काकांच्या लेखी हे दोन्ही एकाच कटाचे भाग. ‘‘आधी पोराला मोठा केला, मग गाव शहरात घातलं. शिल्लक काय ठेवलं?’’ पुढे २०२४मध्ये फुरसुंगी आणि उरुळी देवाची महापालिकेतून बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली, तेव्हा काकांनी सोसायटीत पेढे वाटले. ‘‘एक चूक दुरुस्त झाली. आता राहिला सिनेमा.’’

आता त्या विसाव्या पुस्तकाचं. ‘चक्रीवादळात फास्टर फेणे’. कोणीतरी वाचायला म्हणून नेलं आणि परत दिलं नाही. काका दर दिवाळीला कपाट आवरतात, एकोणीस मोजतात, आणि त्या ‘कोणीतरी’चा उद्धार करतात. बाजारात नवी प्रत मिळते, मी आणून देतो म्हणालो, तर म्हणाले, ‘‘मला मूळ प्रत हवी.’’

मूळ प्रत माझ्याकडे आहे. पाचवीत असताना मी नेली होती. कव्हर खाकी, वर काकांच्या अक्षरात नाव, आणि मधली चार पानं आमच्या धाकट्याने तेव्हाच फाडलेली. परत द्यायची म्हणजे ती चार पानं आधी शोधायला हवीत, कारण काका मुळाबरहुकूम तपासून घेतील. तुमच्याकडे ही जुनी आवृत्ती असेल तर कृपा करून तेवढ्या चार पानांची झेरॉक्स पाठवा. काकांना मात्र कळू देऊ नका.