टेक्स्टराव

टेक्स्टरावांना काम सांगितलं की ते करत नाहीत, लिहून घेतात. डायरीत नाही, ॲपमध्ये तर नाहीच नाही. टूडू डॉट टीएक्सटी नावाच्या साध्या फाईलमध्ये. एका ओळीत एक काम, आधी कंसात प्राधान्याचं अक्षर, काम झालं की ओळीच्या आरंभी छोटा एक्स. ही रीत जीना ट्रापानी यांनी २००६ मध्ये घालून दिली, हे ते न विचारता सांगतात.

ट्रेलो, जिरा, नोशन असं बारा गावचं पाणी पिऊन ते इथे स्थिरावले. ‘‘उद्या कंपनीनं गाशा गुंडाळला तर तुमची कामं जातील कुठे? साधी फाईल पन्नास वर्षांनीही उघडेल.’’ त्यांची काही कामं तोवर टिकतील अशीच आहेत.

आता त्यांनी हाताशी एआय साहाय्यक ठेवलाय. त्याला कालचं आज आठवत नाही, म्हणून त्याच्यासाठी नियमांची वेगळी फाईल. आधी यादी वाच. विचारल्याशिवाय ओळ पुसू नकोस. न झालेल्या कामाला एक्स लावू नकोस. तिसरा नियम किराण्यावरून आला. न आणलेल्या सामानाला एक्स लागला आणि त्या रात्री आमटी झाली नाही. तेव्हापासून ते रोज बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये यादीतला फरक तपासतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी घडवलेलं हे हत्यार त्यांच्या घरी तूरडाळीवर पहारा देतं.

मध्यंतरी बेडरूमचा पंखा कुरकुरू लागला. साहाय्यकानं त्या एका ओळीची आठ पोटकामं केली: आवाजाचं स्वरूप नोंदवणे, बेअरिंग की कपॅसिटर ते ठरवणे, वगैरे. टेक्स्टराव हरखले. ‘‘अगं, बघ तरी, किती खोलवर विचार करतो हा!’’ वहिनींनी बघितलं आणि कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनला फोन केला. पंखा तासाभरात गरगरू लागला. यादीत तो अजून अपूर्ण आहे, कारण ‘पर्यायांची तुलना’ राहून गेली.

हसणाऱ्यांनी जरा जपून हसावं. ऑफिसनं कामं नोंदवायचं सॉफ्टवेअर बदललं, जुन्या नोंदी गडप झाल्या, तेव्हा साहेबांसकट सगळे टेक्स्टरावांच्याच टेबलाशी गोळा झाले. त्यांनी काळ्या पडद्यावर ग्रेपची, म्हणजे मजकूर शोधायची, एक आज्ञा दिली. दोन वर्षांपूर्वी कोणी, कोणाला, काय सांगितलं होतं, ती ओळ तारखेसकट समोर आली.

तिच्यापुढे एक्स नव्हता. काम टेक्स्टरावांनाच सांगितलेलं होतं.