जंगलाच्या फोडी

भाकरी मोडली की कुटका, आंबा कापला की फोड, लाकूड तासलं की ढलपी. मराठी शब्दात मोडल्याची कबुली असते. इंग्रजीत मात्र तुकड्याला थेट हुद्दा मिळतो.

गडचिरोलीचं जंगल घ्या. आलापल्ली, भामरागड, वडसा, सिरोंचा आणि खुद्द गडचिरोली, अशा पाच डिव्हिजन. डिव्हिजनखाली रेंज, रेंजखाली राऊंड, राऊंडखाली बीट, बीटच्या पोटात कंपार्टमेंट. कंपार्टमेंट म्हटलं की मला बल्लारशाच्या गाडीचा डबाच आठवतो. इथे त्यात सागवान उभं असतं. रिझर्व्ह मात्र दोन्हीकडे. तोडीला काढलेल्या तुकड्याला 'कूप' म्हणतात. शब्द मूळचा फ्रेंच, अर्थ कापणी. मराठीत कूप म्हणजे विहीर. आत गेलेलं झाड वर येत नाही, तेव्हा शब्द अगदीच चुकला असंही नाही.

तिकडे ताडोब्याला कोअर आणि बफर. खाणी, रस्ते, कालवे यांनी जंगलाची जी शकलं केली, ते 'फ्रॅगमेंटेशन'. आणि शकलांमधून वाघाला जायला उरलेली वाट म्हणजे 'कॉरिडॉर'. बंगल्यात असावा तसा. वाघ बिचारा निरक्षर, तो सरळ ब्रह्मपुरीच्या धानाच्या बांधीतून जातो.

२६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूर जिल्ह्याचेच दोन तुकडे होऊन गडचिरोली वेगळा झाला, तेव्हा साधं 'विभाजन' पुरलं. चांद्याचं चंद्रपूर तर त्याआधीच झालेलं. वनखात्यात मात्र 'मध्य चांदा' ही डिव्हिजन अजून शाबूत आहे.